एक हजार चौदा

गोरखीजवळच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरवरची सगळ्यांची खाती लॅबमधले एक जुने गृहस्थ सांभाळायचे. माणूस नवा आला की खातं उघडायचं, नोकरी सोडून गेला की लॉक करायचं. आमचं लिनक्स प्रत्येक खात्याला एक नंबर देतं, आणि यांना आमच्या नावांपेक्षा ते नंबरच पाठ. मी व्हरांड्यात दिसलो की हाक यायची, "या, एक हजार चौदा! पासवर्ड फिर भूल गए?" मी खरंच विसरलेलो असायचो. आता मला सगळे नुसतं 'सर' म्हणतात.

गेलेल्या माणसाचा नंबर ते नव्याला कधी देत नसत. एकदा प्राचार्य वैतागले, "अहो, पुसून टाका ना ही जुनी खाती!"

"साहेब, फाइलवर मालकाचा नंबर असतो. वारलेल्या जोशीबाईंचा नंबर दुसऱ्याला दिला, तर बाईंची सगळी मेहनत त्याच्या नावावर दिसेल. ते आपल्याला जमणार नाही."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. परवा पासवर्ड विसरून मी लॅबमध्ये गेलो, तर स्क्रीनवर त्यांनी लिहून ठेवलेल्या फाइली होत्या आणि मालक म्हणून ऑफिसातल्या नव्या क्लार्कचं नाव.

"त्यांचं खातं काढलं ना सर, नंबर खाली था, तो दे दिया," त्यांच्या जागी आलेला माणूस म्हणाला.

संध्याकाळी ते फूलबागेत भेटले. "या, एक हजार चौदा! माझं खातं नीट लॉक केलं ना त्यांनी?"

"केलं," मी म्हणालो.