दोन जावांचं एक मशीन

"मशीन काय नारळ आसा, फोडून अर्दो तुका, अर्दो माका करूक?"

नर्मदेने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं आणि पडवीत बसलेल्या तिन्ही पुरुषांनी माना वळवल्या. थोरल्या सुनेने वाटणीच्या बैठकीत तोंड उघडायची पद्धत आमच्याकडे नव्हती. पण पदर डोक्यावर घेऊन ती उभी होती, आणि हलायचं लक्षण दिसत नव्हतं.

साल एकसष्ट, मे महिना, वायरी गावातलं घर. धाकटा शिवा मुंबईच्या गिरणीतून रजेवर आला होता, थोरला बाबली घरचं शेत-माड बघत होता. चुली वेगळ्या करायचं ठरलं होतं. माड वाटून झाले, भाताची जमीन वाटून झाली, तांब्याचे हंडेसुद्धा मोजून दोन ओळींत मांडले. उरली गाय आणि शिवायचं पायमशीन. मध्यस्थ म्हणून बसलेल्या महादूकाकांनी तोड काढली होती, "एकाक गाय, एकाक मशीन. थोरल्यान आदी सांगाचा."

"मशीन आमका," बाबली म्हणाला. "गाय शिवाक."

"ती गाय लाथ मारता," शिवा म्हणाला.

"तू चार दिसांनी मुंबयक जातलंस. तुका कित्याक मारतली?"

महादूकाका हसले. तेवढ्यात आतून जानकीचा, शिवाच्या बायकोचा आवाज आला, "घेवंदेत त्येंका. माका नको मशीन." ते ऐकल्यावरच नर्मदेने नारळाची गोष्ट काढली होती. नको म्हणणारी जानकी नव्हतीच. सहा वर्षं त्या मशीनवर बसून तिचे पाय तयार झाले होते. ती नको का म्हणतेय, ते त्या घरात एकट्या नर्मदेला ठाऊक होतं.

नर्मदा आंबोलीखालच्या गावातली. चौदाव्या वर्षी लग्न होऊन किनाऱ्यावर आली, तेव्हा मासा कापायलाही तिला येत नव्हता. अंगाने थोराड, तळवे रुंद, बोलणं दगडासारखं. सासऱ्याने पंचावन्न साली आगबोटीने मशीन आणलं. बंदरात पडावातून ते उतरवताना हमालांनी कुरकुर केली, म्हणून एक बाजू हिनेच उचलली. बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात पंधरा दिवस बसून दोघी जावा शिवण शिकल्या. पण एकीचा हात दुसरीसारखा नव्हता. नर्मदा खलाशांच्या चड्ड्या, शाळेची खाकी, तांदळाच्या पिशव्या शिवायची. जाडं कापड, जाडी सुई, दोरा करकचून. जानकी पोलकी आणि पोरींची झबली शिवायची. मलमल, बारीक सुई, दोरा सैल.

पहिल्या वर्षी रोज भांडण. एकीने लावलेला दोरा दुसरीला चालेना. मग नर्मदेनेच रीत घातली. सकाळ तिची, दुपार जानकीची. मशीनला दोन खण होते. डावा तिचा, उजवा जानकीचा. सुई, दोरा, कातर जिची तिच्या खणात. जानकी उजव्या खणात शिवाची पत्रं ठेवायची. नर्मदेला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी सहा वर्षांत तिने तो खण एकदाही ओढला नाही. दोरा आवळायच्या चकतीचं असं ठरलं, की बसणारीने आपल्यापुरती फिरवायची. जानकीने बसताना दोन फेरे सैल करायचे, नर्मदेने बसताना दोन फेरे घट्ट. उठणारीने हात लावायचा नाही. चकतीवर कुंकवाचं बोट लावून पाहिलं होतं, पण पुरे दोन फेरे फिरल्यावर ते बोट पुन्हा त्याच जागी येऊन बसायचं. खूण कसली, नुसती शोभा. म्हणून बोटांवर मोजायचं. बसली की वाटावं, मशीन आपलंच, दुसरी कोणी त्याला शिवलीच नाही. भांडणं थांबली ती अशी.

आणि पंधरा दिवसांमागे शेजारच्या हौसाबाईच्या मुलीचं लग्न होतं. पोलकं शिवायला जानकीकडे आलं ते आदल्या दिवशी. अस्तराचं पोलकं, जानकीची धांदल. दुसऱ्या दिवशी पोरीने माळ घालायला हात वर केले आणि काखेतली शिवण ही एवढी उसवली. मांडव हसला. विहिरीवर हौसाबाई जे बोलली ते सगळ्या वाडीने ऐकलं. जानकी मशीनवर बसायची थांबली. नर्मदेशी बोलायचीही थांबली. मशीनला दुसरा हात लागतो तो जावेचाच; वाटणी तोंडावर आहे, मशीन आपल्याकडे यावं म्हणून जावेने आपली अब्रू घालवली, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं.

"वैनी, तू आत जा," शिवा आता हळूच म्हणाला.

"जातंय. आदी आयका." नर्मदेने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. "महादूकाकानु, हौसाबायच्या चेडवाचा पोलका उसावला ती चूक जानक्येची न्हय. माजी."

आतली भांड्यांची खुडबुड थांबली.

"त्या दिवशी तिका घाय होती. म्हटला, तितकोच तिचो वेळ वाचात. उठताना मीच दोन फेरे सैल करून ठेवलंय. तिका सांगूक इसारलंय. ती बसली, तिना आपले दोन फिरवल्यान. झाले चार. दोरो नुसतो लोंबत होतो, अस्तराच्या आत कोणाक दिसतलो?"

"मगे बोललात कित्याक नाय?" जानकी दारात आली होती. पंधरा दिवसांतला जावेशी तिचा पहिला शब्द.

"दुसऱ्या दिसा लग्नासून बायका इल्यो, तेवा माका उजाडला. तवसर पोलका उसावलेला." नर्मदा चौकट धरून उभी होती. "मगे थोरलेपण आड इला. रोज सकाळी म्हणा, आज सांगतंय. आणि चड्डये शिवत बसा."

बाबलीला बायकोने चारचौघांत चूक कबूल करणं मानवलं नाही. तो पान लावायला लागला.

"मी पंधरा दिस तुमका मनात गाळी घातलंय," जानकी म्हणाली.

"खूप?"

"तुमच्या आंबोलीपर्यंत पोचल्यो."

"बरा झाला. थंय माजी भावजय आसा, तिका लागूंदेत."

जानकी हसली नाही. पण पुढे आली आणि जावेच्या डोक्यावरून घसरलेला पदर तिने नीट केला.

महादूकाकांनी घसा साफ केला. "ता सगळा खरा. पण कागदार काय लिवू?"

"लिवा. भिंत घरात घालूची, पडवी मोडूची नाय. मशीन पडवीत ऱ्हवतला. सकाळ माजी, दुपार तिची. मी मेलंय तरी दुपार तिचीच."

"आणि गाय?" बाबलीने विचारलं.

"जानक्येक. ती पुरुषांकच लाथ मारता, बायकांच्या वाटेक जायत नाय."

"म्हंजे गाय गेली, आणि मशीन पण अर्दा?"

"अर्दा कसा? सकाळी सगळा माजा. दुपारी सगळा तिचा."

महादूकाका लिहायला लागले. शिवाने सही केली. बाबलीने पान चघळत चघळत अंगठा उठवला.

ऊन माडांवरून उतरायला लागलं होतं. जानकी आतून वेताचा मोढा घेऊन आली, मशीनसमोर बसली, आणि हौसाबाईच्या धाकटीचं, कितीतरी दिवस पडून राहिलेलं झबलं तिने काढलं.

नर्मदा बघत थांबली नाही. खळ्यात तट्ट्यावर कोकमाची सालं वाळत घातलेली, एका बाजूने कोरडी झाली होती. ती उकिडवी बसली आणि मूठमूठ करून सालं उलटायला लागली. हात मनगटापर्यंत लाल झाले. कावळा आला, त्याला तिने दोन शिव्या दिल्या आणि पुढच्या ओळीकडे सरकली.