आरशासमोरचं रॉकेट

आमच्या गावात केस कापायचे तर एल्डन व्हाव्रिकाकडेच जावं लागतं. नेब्रास्काच्या आमच्या भागात दुसरं सलून शेजारच्या तालुक्यात आहे, आणि तिथली बाई केसांबरोबर कानही कापते असं एल्डननेच सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्याचा हात हलका, जीभ मात्र वस्तऱ्याहून धारदार. त्याच्या खुर्चीत बसलं की समोर आरसा आणि आरशासमोर काचेच्या उंच पेटीत रॉकेट: चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्नची हुबेहूब प्रतिकृती, माणसाच्या कंबरेला लागेल एवढी.

किटमध्ये काय येतं? पुठ्ठ्याच्या नळ्या, हलक्या लाकडाचे पंख, प्लास्टिकचे चार पत्रे. आमच्या रॉकेट उडवायच्या क्लबातली माणसं हिवाळ्यात ते जोडतात आणि बर्फ वितळला की उडवून मोडतात. एल्डनने त्यावर दोन हिवाळे घातले. टोकावरचा बारीक काड्यांचा मनोरा त्याने भुवया उपटायच्या चिमट्याने जोडला, काळे-पांढरे पट्टे वस्तऱ्याने टेप कापून रंगवले. आणि मग पेटीत ठेवून दिलं, ते तिथेच राहिलं. रोज सकाळी दुकान उघडलं की दाढीच्या मऊ ब्रशने त्याची धूळ झटकायची, मग गिऱ्हाईक.

उडवायचं नाव काढलं की कारणं तयार. कधी वारा, कधी वाळलं गवत, कधी शेजारच्या कुरणातल्या गाभण गाई. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

एकदा ट्रॅक्टरवाला रॉस्को टीडेमन तोंडाला साबण लावून खुर्चीत बसला होता. त्याच्या मिशीचा आमच्या तालुक्यात दबदबा आहे, निदान तेव्हा होता.

"एल्डन, हे उडायचं कधी? की चंद्रच खाली येऊन भेटून जाणार याला?"

"वारा पडू दे."

"नेब्रास्कात? लेका, वारा पडायची वाट बघत माझा आजा गेला. ऐक, तू हे उडवलंस तर मिशी तुझ्या वस्तऱ्याखाली. नाही उडवलंस तर गावच्या मेळ्यात माईकवर सांगायचं, मला भीती वाटते म्हणून."

दुकानात आम्ही चार-पाच जण होतो. एल्डनला 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

पण गडी बेरकी. त्याने गुपचूप तसंच दुसरं किट मागवलं आणि आठवडाभरात गॅरेजमध्ये कसंबसं जोडलं. मनोऱ्याला दात कोरायच्या काड्या, रंग स्प्रेचा. दहा पावलांवरून ओळखू येणार नाही. खरं रॉकेट पेटीतून काढून खोक्यात लपवायचं, खोटं उडवायचं, मिशी कापायची, की झालं. हे फक्त बायकोला, मार्लिसला ठाऊक.

मार्लिस माझ्याकडे आली ती खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे, घेऊन. तिने कोलाचे आणले म्हणजे काम अवघड असतं, हे मला कळायला हवं होतं. उडण्याआधी प्रत्येक रॉकेट तपासायचं काम क्लबात माझ्याकडे आहे.

"दोन्ही खोकी गॅरेजात शेजारी शेजारी आहेत," एल्डनचा सगळा डाव सांगून झाल्यावर ती म्हणाली. "मी गाडीत खरं ठेवणार आहे. तू हात लावलास की ओळखशील. तेव्हा तोंड बंद ठेव."

"आणि फुटलं तर?"

"ते मी बघीन. तू कोलाचे खा."

मी खाल्ले. मोह वाईट.

रविवारी कुरणात अर्धं गाव जमलं. कुणी जवळून पाहू नये म्हणून एल्डन स्वतःच दोरीशी उभा राहिला आणि जो पुढे येईल त्याला मागे हाकलू लागला. "नियम म्हणजे नियम!" त्यामुळे रॉकेट खांबावर चढवायचं काम मार्लिसकडे आलं. इंजिन बसवणं, पॅराशूट चिकटू नये म्हणून सलूनची पावडर लावून घडी घालणं, हे तसं पूर्वीपासून तिचंच काम. मी तपासायला वाकलो. तो मनोरा दात कोरायच्या काड्यांचा नव्हता. मार्लिस तारा जोडत होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एल्डन मजेत होता. तोंडात घास ठेवूनच त्याने उलटे आकडे मोजले आणि बटण दाबलं, जसा काही दाराची घंटा वाजवतोय.

ते जड धूड आधी हललंच नाहीसं वाटलं. मग धुरावर उभं राहिलं, जरा झुकलं, सावरलं आणि गेलं वर. आजवर मी शेकडो रॉकेटं पाहिली, पण इतकं देखणं उड्डाण पाहिलं नव्हतं. वर ठो झालं, पॅराशूट उघडलं. "कुठे दिसतेय का रे भीती, रॉस्को?" एल्डन ओरडला.

ते पलीकडे कापलेल्या गवतात उतरलं आणि कलंडलं. खिशात हात घालून, शीळ घालत, एल्डन सगळ्यांच्या पुढे गेला. तिथे पोहोचला आणि गुडघ्यांवर बसला.

परत आला तेव्हा चेहरा दाढीच्या फेसासारखा. मनोरा मोडलेला, एक पंख निखळलेला. आणि बोलायची सोय नाही. ओरडावं तर आपणच काय ठरवलं होतं ते गावाला कळणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तशातच त्याने रॉस्कोची मिशी कापली आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा ओठ कापला.

लोक पांगल्यावर मी तारा गुंडाळत होतो. ती दोघं गाडीच्या मागच्या फळीवर बसली होती.

"ते खरं होतं, मार्लिस."

"माहीत आहे."

"पार मोडलं असतं तर?"

"मोडलंच आहे की."

"इतकी वर्षं जपलं मी त्याला."

"जपलंस. पुसलंस. दुसरं काही केलं नाहीस. पूर्वी सगळं स्वयंपाकघर गोंदाने बरबटवायचास, मी भांडायचे. मग हे पेटीत गेलं आणि तू राखणदार झालास. गेला आठवडाभर ते खोटं जोडताना गॅरेजात शीळ घालत होतास, एल्डन. ती शीळ मी किती वर्षांनी ऐकली, तुला कल्पना नाही. मला तो माणूस परत हवाय."

एल्डनने निखळलेला पंख उचलला आणि उन्हात धरून पाहिला.

"हा मी पहिल्यापासून वाकडा लावला होता," तो म्हणाला. "कुणाला कळू नये म्हणून हीच बाजू कोपऱ्यातल्या भिंतीकडे ठेवायचो. बरं झालं निघाला. आता सरळ लावतो."