मेहत्याच्या गाडीचे फूटरेस्ट

खारबावच्या रस्त्यावर एका माणसाने आपल्या म्हाताऱ्या बापाला गाडीवरून पाडलं आणि म्हातारा त्यातच गेला, असं त्या भागात अजून सांगतात. ज्याच्याबद्दल सांगतात तो माझा मित्र होता. तो आता नाही. त्या पडण्याला मी कारण होतो हे त्याच्या मुलांना ठाऊक नाही, आणि तो स्वतः तर ते न मानताच गेला. म्हणून लिहून ठेवतो आहे. याने काही भरून निघेल असं मला वाटत नाही.

मी लूम फिटर होतो, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. भिवंडीला लागून शेलार गावाच्या बाजूला एका कारखान्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये माझं बाकडं, वाईस आणि ड्रिल मशीन होतं. पुढे लूम दिवसरात्र खडखडायचे आणि तुटलेले भाग माझ्याकडे यायचे. मित्र त्याच कारखान्यात मेहता होता. आमच्याकडे लूममालकाचा हिशेब आणि माल बघणाऱ्याला मेहता म्हणतात. तो मला मिस्त्री म्हणायचा, मी त्याला मेहता. त्याचं घर खारबावच्या पुढच्या गावात. वडील आणि मोठा भाऊ भातशेती बघायचे, हा रोज भिवंडीला यायचा.

मालकाच्या वडिलांची एक जुनी विलायती मोटरसायकल कारखान्याच्या कोपऱ्यात पडून होती. छोटीशी, एका सिलेंडरची. उडती रुई बसून बसून ती मेंढीसारखी दिसायची. जागा मोकळी होईल म्हणून मालकाने ती मेहत्याला देऊन टाकली. मी इंजिन खोललं, जमेल तसं बसवलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका पावसाळ्यानंतर ती चालू झाली. पण मेहता होता ताडमाड. वळण घेताना त्याचा गुडघा हँडलला लागायचा. धामणकर नाक्यावरचे रिक्षावाले त्याला विचारायचे, "मेहताजी, गाडी पे बैठे हो या गाडी पहनी है?" तो हसायचा, पण त्याला ते लागायचं.

वर्षभर त्याने तशीच चालवली. मग रद्दीच्या दुकानातून तो एका इंग्रजी मासिकाचं पान फाडून घेऊन आला. शर्यतीच्या गाडीचं चित्र होतं. पाय ठेवायचे फूटरेस्ट बरेच मागे घेतलेले, गिअर आणि ब्रेकही तिथेच मागे, आणि चालवणारा पुढे झुकलेला. असं आपल्या गाडीला होईल का, असं त्याने विचारलं. लूमच्या भंगारात विमानसुद्धा सापडेल, असं मी म्हणालो. त्या काळात मी असं बरंच बोलायचो.

खरं तर ते काम लोखंडी पट्टीचं होतं. जाड पट्टी कापून, तापवून, वाकवून घ्यायची. त्यासाठी गॅस कटरवाल्याकडे जावं लागलं असतं, चार दिवस थांबावं लागलं असतं. तेवढ्यात मला भंगारात लूमचे दोन वाकडे दांडे दिसले. बाक अगदी हवा तसा, भोकंही आयती. मागच्या माणसाचे फूटरेस्ट ज्या बोल्टवर बसतात, त्याच बोल्टवर ते दांडे नेमके बसले, मागच्याचे पायही आता त्यांच्यावरच राहणार होते. मला माझ्या नजरेचं कौतुक वाटलं. दांडे बिडाचे होते, साच्यात ओतलेले. बीड वजन पेलतं, धक्का पेलत नाही, आणि तुटण्याआधी लोखंडासारखं वाकून इशाराही देत नाही. हे मला कोणी शिकवायला नको होतं. तुटलेलं बीड बदलणं यावरच माझं घर चालत होतं.

डाव्या दांड्यावर केसासारखी एक रेघ होती. ती ओतकामाची रेघ आहे असं मी समजलो. समजलो असं लिहिलं, पण नखाने चाचपून पाहण्याएवढा वेळही मी घेतला नाही. दोन्ही दांड्यांना काळा रंग दिला. पुढे पट्टीचे करून देईन, तोवर हे चालतील, असं मनात होतं. मेहत्याला मी तेही सांगितलं नाही.

त्या गाडीला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. ब्रेकसाठी आखूड सळई घालून पेडल मागे आणलं. गिअरची लिव्हर तिच्या दांड्यावर उलटी फिरवून मागे केली. त्याने एक झालं. आधी पहिला गिअर वर उचलून पडायचा आणि पुढचे खाली दाबून. आता सगळं उलटं झालं, पहिला खाली आणि बाकीचे वर. मेहता आठवडाभर अडखळला, मग त्याच्या पायाला ती सवय लागली. गुडघे हँडलपासून सुटले. नाक्यावरून जाताना तो उगाच थोडा जास्त झुकायचा.

रविवारी तो वडिलांना मागे बसवून भिवंडीच्या बाजारात आणायचा. म्हातारा धोतर सावरत माझ्या शेडपाशी उतरायचा. एकदा मला म्हणाला, "मिस्त्री, पयली ही गाढवावानी व्हती. आता पाय ठेवाला जागा बरी केलीस." चढताना तो माझ्या डाव्या दांड्यावर पूर्ण भार टाकायचा, घोड्याच्या रिकिबीत टाकावा तसा. मी ते पाहत होतो. मुलाचा भार आणि बापाचा भार एकाच बिडावर येतोय हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि म्हाताऱ्याला जागा आवडली याचा मला आनंद होत होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ते दोघे सकाळी गावाहून निघाले. खारबावच्या अलीकडे ओढ्यावरच्या एका छोट्या मोरीवर रस्ता खचला होता. खड्डा आला की गाडीवाला फूटरेस्टवर जरा उभा राहतो, तसा मेहता उभा राहिला. डावा दांडा तुटला. पाय रस्त्यावर आपटला, गाडी आडवी झाली. मेहत्याचं डोकं मोरीच्या कठड्याला लागलं, म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं. लोकांनी दोघांना दवाखान्यात नेलं. गाडी एका टेम्पोवाल्याने माझ्या शेडमध्ये आणून टाकली, कारण ती माझ्याकडे दुरुस्तीला असते हे सगळ्यांना माहीत होतं. तो घाईत होता, गाडीकडे त्याने नीट पाहिलंही नाही.

मी पाहिलं. दांड्याचं बूड बोल्टला लटकत होतं. तुटल्या जागी अर्धा भाग गंजलेला आणि अर्धा चकचकीत होता. म्हणजे ती रेघ जुनी तड होती आणि मी तिच्यावर रंग दिला होता.

मी सायकल काढली आणि मोरीवर जाऊन दुसरा तुकडा धुळीतून उचलून आणला. मग शेडचं दार लावून दोन्ही दांडे काढले, जुने फूटरेस्ट होते तिथे बसवले, गिअरची लिव्हर फिरवून पुढे घेतली, ब्रेकची जुनी सळई घातली. सगळं होतं तसं झालं. दांडे बिडाच्या ढिगात टाकले आणि ते पुढच्या खेपेला ओतकामाच्या भट्टीत गेले. घाबरून केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. पण घाबरलेला माणूस नटाला तेल लावत नाही. मी लावलं होतं.

मेहता शुद्धीवर आला तेव्हा मी खाटेपाशी होतो. त्याचा मोठा भाऊही उभा होता. मेहत्याने पहिलं मलाच विचारलं, "मिस्त्री, फूटरेस्ट तुटला काय रे?"

मी म्हणालो, "कुठला फूटरेस्ट? ते तर मी आदल्या दिवशीच काढले. बाबांना चढायला अडचण होते असं तूच म्हणालास ना."

"मी म्हनालो?"

"हो."

त्याच्या डोक्याला पट्टी होती, शब्द जड येत होते. भाऊ म्हणाला, म्हणजे याचा पाय सवयीने मागे गेला आणि तोल सुटला. मी मान हलवली. मला खोटं पुरतं रचावंही लागलं नाही, उरलेलं त्यांनीच जुळवलं.

म्हातारा अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. पाठीला जखमा झाल्या, ताप धरला, आणि पेरणीच्या आधी तो गेला. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलो तर त्याने माझा हात धरून सांगितलं, पोराला बोल लावू नका. भावाने मात्र लावला. वर्षश्राद्धाला मेहत्याला ओटीवर बसवलं, आत घेतलं नाही. गावात कोणी म्हणे पेंगत होता, कोणी म्हणे प्यायला होता. तो पीत नव्हता.

त्या मधल्या काळातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. पाऊस संपल्यावर मेहता एक दिवस शेडमध्ये आला. गाडी बाहेर काढ म्हणाला. मला वाटलं विकायची असेल. त्याने किक मारली, गाडी चालू झाली. मग तो सीटवर बसला आणि त्याचा उजवा पाय सरळ मागे गेला. हवेत चाचपडला, पुढे आला, लिव्हर सापडली, आणि पायाने ती खाली दाबली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हिसका देऊन बंद पडली. त्याने पुन्हा केलं, पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर तो किक न मारता बसून राहिला.

"बघ मिस्त्री," तो म्हणाला, "एवढ्या महिन्यांनी पन पाय तिकरंच जातो. तवा तर तू आदल्या दिवशीच बदललेला. माझाच पाय चुकला. मना वाटत व्हतं, तुटल्याचा आवाज आयकला मी. न्हाय. पाय चुकला."

त्याने आवाज ऐकला होता. तो स्वतःची परीक्षा घ्यायला आला होता आणि माझ्या अंगणात, माझ्यासमोर, त्याने स्वतःला दोषी ठरवलं. माझ्या हातात कापसाचा बोळा होता, मी हात पुसत राहिलो. तेव्हा बोललो असतो तर त्याने मला मारलं असतं कदाचित, आणि भावाच्या घरात परत गेला असता. मी म्हणालो, डोक्याला मार लागलाय, दमू नकोस. गाडी तिथेच टाकून तो गेला, ती न्यायला परत आला नाही.

नंतर तो गाव सोडून धामणकर नाक्याजवळ एका खोलीत राहायला आला. लग्न केलं, मुलं झाली. दोन चाकांवर पुन्हा कधी बसला नाही. आम्ही रोज भेटायचो, एकत्र चहा प्यायचो. तो विषय निघायचा नाही, आणि निघत नाही म्हणून मी निश्चिंत झालो. वर्षं अशीच गेली.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्याच्या भावाच्या मुलाचं लग्न निघालं. मला आमंत्रण होतं. मांडवात भावाने माझं हसून स्वागत केलं, मिस्त्री तुम्ही घरचेच, म्हणून पुढच्या रांगेत बसवलं. मेहता दिसेना, म्हणून मी विचारलं.

"त्याला बोलवून बाबांच्या फोटोसमोर कुठं बसवू?" भाऊ म्हणाला.

मी जेवलो. तेही लिहितो. मग उठून भिवंडीला आलो आणि थेट मेहत्याच्या खोलीवर गेलो. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. तो एकटाच, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीवर बसला होता. कुठे निघालास, असं विचारलं तर म्हणाला, न्हाय, असाच. शेवटच्या घडीला कोणी बोलवायला येईल म्हणून तो तयार होऊन बसला होता.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बीड, ती रेघ, रंग, मोरीवरचा तुकडा, भट्टी. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं.

"माझ्यासाठी हे बोलतोस," तो म्हणाला. "लग्नाला बोलावला न्हाय म्हनून तुला वाईट वाटला."

"मेहता, मी खरं सांगतोय."

"अरे, तू फूटरेस्ट काढले तवा मी तिथंच व्हतो. सांजची येळ. तू पान्हा मागितलास, मी दिला. मना सगला दिसतं अजून."

असं कधीच घडलं नव्हतं. तो कधी शेडमध्ये होता, कुठल्या बाजूला उभा होता, माझ्या हाताला कसं ग्रीस लागलं होतं, हे सगळं तो मला सांगत होता. दवाखान्यात मी दोन वाक्यं बोललो होतो. इतक्या वर्षांत त्याने त्यात जागा, वेळ आणि स्वतःला घालून त्यांची आठवण करून टाकली होती. मी नाही म्हणत राहिलो. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं, ते मीच भट्टीत घातलं होतं.

"मी आत्ता तुझ्या भावाकडे जातो," मी म्हणालो. "त्याला सांगतो."

"न्हाय जायाचा." आता त्याचा आवाज चढला. "माझ्या बापाच्या मरनावर खोटा बोलून मना त्या घरात न्हाय शिरायचा. तू मोठ्या मनाचा हायस, म्हनून असा डोक्यात आला तुझ्या. पन न्हाय."

तो मला सोडायला नाक्यापर्यंत आला. गर्दीत माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता, जणू मलाच चक्कर येईल. मला रिक्षा स्टँडवर उभं करून तो परत गेला. खारबावच्या शेअर रिक्षात एकच सीट रिकामी होती आणि ड्रायव्हर ओरडून माणूस शोधत होता. मांडव अजून उठला नसेल, भाऊ तिथेच असेल, हे मला माहीत होतं. मेहत्याने नको म्हटलंय, असं मी मनाशी म्हणालो. तेवढं मला पुरलं. दुसरा एक माणूस येऊन त्या सीटवर बसला, रिक्षा निघाली, आणि मी घरी गेलो.