कांद्याच्या चाळीत शिरलेली गाडी

निवृत्त पोलीस अधिकारी भेटला की लोकांना खून आणि दरोडे ऐकायचे असतात. माझ्याकडे तेही आहेत. पण कुणी नव्या गाडीचे पेढे घेऊन घरी आलं, की मला आठवतं ते चाकणच्या अलीकडच्या एका गावातलं प्रकरण, आणि पेढा तोंडात जायच्या आधीच हसू फुटतं. बायको म्हणते, समोरच्याला वाटेल तुम्ही त्याच्या गाडीला हसताय. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मी तेव्हा त्या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारची वेळ होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होता, समोर दोन ट्रकचालक एकमेकांच्या आरशांवरून भांडत होते. एवढ्यात गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, गाडी कांद्यात गेलीया."

"उलटली का?"

"न्हाई, उभीच हाय. पर कांद्यात."

फोनवर यापेक्षा जास्त कळेना. माझ्या जुन्या हवालदारांना घेऊन मी निघालो.

जाऊन पाहतो तर पाटलांचा शब्द न् शब्द खरा. शेतकऱ्याचं घर जरा उंचावर होतं. अंगणातून उतार खाली गेलेला आणि उताराच्या टोकाला कांदा साठवायची लाकडी फळ्यांची चाळ. नवी कोरी पांढरी गाडी फळ्या मोडून तोंडानं आत शिरली होती. पूजेचा हार अजून बॉनेटवर होता आणि हारावर कांद्यांचा ढीग. घरातल्या बाया पाट्या घेऊन कांदे वेचत होत्या. दावं सोडवून घेतलेली एक म्हैस मोडक्या फळीपाशी निवांत रवंथ करत उभी होती. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, हे पाहून मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

घरमालक मात्र तापले होते. वय साठीकडे झुकलेलं, आयुष्यभर शेती केली आणि जोडीला पिकअपमधून कंपन्यांचा माल वाहिला. घराशेजारी बांधलेल्या खोल्यांत कारखान्यात काम करणारी मुलं भाड्यानं राहत. त्यातल्याच एकाकडे त्यांनी बोट केलं.

"ह्यानंच ढकलली साहेब! काल ह्याची मोटरसायकल गाडीच्या वाटंत व्हती म्हून चार शब्द बोललो. त्याचा राग काढला ह्यानं."

ज्याच्याकडे बोट होतं तो परभणीकडचा पंचविशीतला तरुण. पहिली शिफ्ट करून आलेला, अंगात अजून कंपनीचा शर्ट. तो खाली बघत उभा राहिला. हवालदार माझ्या कानाशी पुटपुटले, "साहेब, गडी काहीतरी लपवतोय." मलाही तसंच वाटलं.

घटनास्थळाचा पंचनामा सुरू केला. गाडीची दारं बंद, काचा शाबूत, एक किल्ली मालकांच्या खिशात, दुसरी पडवीतल्या खुंटीला. त्यांनीच दार उघडून दिलं. आत पाहिलं तर हँडब्रेक खाली आणि गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये.

"काका, हँडब्रेक तर खालीच आहे," मी म्हणालो.

"धक्क्यानं पडला आसंल. म्या वढला व्हता. आवो, तीस वर्सं गाडी चालवतोय, मला काय कळत न्हाई व्हय?"

मागच्या बाजूला गेलो. बंपरवर शेणामातीचा फराटा होता आणि त्यात चिकटलेले काळे केस. मी म्हशीकडे पाहिलं. म्हशीनं माझ्याकडे पाहिलं. अंग खाजलं की म्हैस खांबाला घासते, आज तिला गाडी सापडली असणार. पण हँडब्रेक ओढलेली गाडी म्हशीच्या घासण्यानं उतारावरून चालू लागत नाही. माझं गाडं तिथंच अडलं होतं. म्हशीचा जबाब नोंदवण्याची तरतूद कायद्यात नाही, नाहीतर मी तोही घेतला असता.

निघताना शेजारच्या एका बाईंनी पदर तोंडाशी धरून खबर दिली. "साहेब, नाव नका सांगू. पर त्यो भाडेकरू गाडीच्या चाकापाशी वाकला व्हता. म्या डोळ्यानं बघितलं."

तरुणाला ठाण्यात बोलावलं. घाबरलेल्या माणसाला मी कधी लगेच प्रश्न विचारत नसे. आधी चहा. चहा घेता घेता माणूस मोकळा होतो. त्यानं एका घोटात कप रिकामा केला.

"चाकापाशी काय करत होतास?"

रिकामा कप बाजूला सरकवून तो एकदम म्हणाला, "साहेब, दगड म्या काढला."

"कसला दगड?"

"चाकाखालचा. मला वाटलं, गाडी धुतल्यावर काका काढायचा विसरले. तसंच निघाले तर नव्या गाडीला खालून लागंल. काल माझ्यावर रागावले होते, म्हणलं आपण होऊन एक चांगलं काम करावं. दगड काढला तवा गाडी जागची हललीबी नाही, साहेब. म्या आंघोळीला गेलो आन् मागून धाडकन् आवाज आला."

"मग आधीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर कोण ऐकलं असतं?" त्याचे डोळे भरून आले. "कंपनीत कायम करायलेत साहेब. पोलीस व्हेरिफिकेशन राहिलंय फक्त. गुन्हा लागला तर गेलंच सगळं. गावाकडं आईनं सगळ्यांना सांगून ठेवलंय."

त्याच्या पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. मला त्या मुलाची मनापासून दया आली, पण दयेवर तपास चालत नाही. मालक तक्रारीवर ठाम होते. हँडब्रेक खरंच ओढलेला असेल, तर कुणीतरी गाडी उघडून तो खाली केला, असा अर्थ निघत होता, आणि संशय याच्यावरच जात होता. ओढलेला नसेल, तर सगळा मामला म्हशीच्या खाजेचा. एका हँडब्रेकवर एका पोराची नोकरी लटकली होती.

योगायोगानं माझ्या मुलीकडे त्याच प्रकारची गाडी होती. तिनं मला ती शिकवताना ठाण्यातल्या आरोपीपेक्षा जास्त झापलं होतं. या गाडीला क्लचचं पेडल नसतं, गिअर आपले आपण बदलतात. पण काही महागड्या ऑटोमॅटिक गाड्यांत 'पी' नावाचा, चाकं जखडून ठेवणारा जो खटका असतो, तो हिच्यात नसतो. उभी करताना ती गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा. दोन्ही विसरलात तर उतारावर तिला थांबवणारं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना निरोप धाडला: पुरवणी जबाब घ्यायचाय, येताना गाडी घेऊन या. गाडीचा नुसता दिवा आणि बंपर फुटला होता, चालत होती. आमच्या ठाण्याच्या आवाराला फाटकाकडे उतार आहे. हवालदारांना आणि एका धडधाकट शिपायाला मी पुढं उभं केलं आणि सांगितलं, गप्पा मारताय असं दाखवा, पण नजर गाडीवर.

मालक आले. मी ओट्यावरून हात केला. "या काका, लावा तिथंच, नेहमी लावता तशी."

त्यांनी गाडी लावली, बंद केली, उतरले, दार कुलूपबंद केलं. मग माझ्याकडे यायचं सोडून खाली बघत आवारात फिरू लागले. आमच्या बागेच्या कडेला तांबड्या-पांढऱ्या रंगाच्या विटा रोवल्या होत्या. त्यातली एक ते उपसायला लागले.

"काका, सरकारी वीट कशाला काढताय?"

"चाकाला लावाया."

"पण हँडब्रेक ओढलाय ना?"

"व्हय तर! वढल्याबिगर उतरंन का म्या?"

एवढं बोलून होतंय न होतंय तोच त्यांच्या पाठीमागे गाडी हलली. आधी जरासं, जावं की न जावं असा विचार केल्यासारखं, मग बेतानं फाटकाकडे निघाली. "आली, आली, धरा!" असं ओरडत हवालदारांनी आणि शिपायानं बॉनेटला खांदे लावले. ठाणे अंमलदार पेन टाकून धावला. भांडण मिटवायला पुन्हा आलेले ते दोन ट्रकचालकही भांडण सोडून मदतीला आले. जप्त मोटरसायकलींच्या रांगेपासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

मालकांनी विटेसकट धावत येऊन दार उघडलं. हँडब्रेक खाली होता, दांडा न्यूट्रलमध्ये. वीट खाली ठेवून त्यांनी हँडब्रेक हातानं चाचपून पाहिला.

"म्या वढलाच न्हाई व्हय?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

मग ओट्यावर बसून सगळं हळूहळू बाहेर आलं. जुन्या पिकअपचा हँडब्रेक पावसाळ्यात जाम व्हायचा, म्हणून तो ओढायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. पहिला गिअर आणि चाकाखाली दगड, हीच त्यांची पद्धत. आमच्या भागात निम्म्या पिकअप अशाच उभ्या असतात. नव्या गाडीत पहिला गिअर कुठं सापडेना. न्यूट्रलमध्ये चालू होते एवढं शोरूममध्ये शिकवलेलं, म्हणून ते न्यूट्रलमध्येच बंद करू लागले. ऑटोमॅटिक म्हटल्यावर बाकीचं ती बघेल, असा त्यांचा समज. सगळ्यातून उरला तो फक्त दगड, आणि तो एका भल्या पोरानं उचलला.

तक्रार त्यांनी तिथंच मागं घेतली. पडताळणीच्या अर्जावर 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा मारून मी सही केली. नोकरीत सह्या खूप केल्या, पण इतक्या हौसेनं क्वचितच.

या प्रकरणानं मला जे शिकवलं ते पुढं मोठ्या तपासांत फार कामी आलं. काका खोटं बोलत नव्हते. रोज हात जे करतात त्याकडे माणसाचं लक्षच नसतं. विचारलं की तो जे करायला हवं होतं ते सांगतो, आणि तेच केलं असं त्याला मनापासून वाटतं. म्हणून पुढं मी साक्षीदाराला 'काय केलंत' असं विचारून थांबलो नाही. करून दाखवा म्हणायचो.

जबाब संपवून आम्ही बाहेर आलो, तर तो तरुण फाटकापाशी उभा होता. खांद्याला सामानाची पिशवी, हातात गुंडाळलेली गादी. मालकांनीच सकाळी त्याला खोली सोडायला सांगितलं होतं आणि काय ठरलं ते त्याला अजून ठाऊक नव्हतं. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला अडकवली आणि गादी काखोटीला मारली.

"काका, राहू द्या, जड हाय," पोरगा म्हणाला.

"आसू दे," काका म्हणाले. "म्याच बाहीर काढलीया, म्याच आत नेऊन ठेवनार."