मास्तरांचा निकाल

देवाने माणसाच्या आत काय काय भरलंय, हे आमच्या एक्स-रेच्या मास्तरांना देवापेक्षा जास्त ठाऊक होतं. बाहेरून मात्र ते कुणालाच ओळखत नसत. चिंचवडच्या बाजारात कुणी रामराम घातला की नुसते बघत राहायचे, आणि आपण कशाचा फोटो काढून घेतला होता ते त्याने सांगितलं की खुलायचे, "अरे, तू होय! डावी सातवी बरगडी! बरी आहे ना?"

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या एका दवाखान्यात त्यांचा वर्ग भरायचा. आम्ही सहा जण होतो. जगातले मास्तर पेपर तपासतात, आमचे मास्तर पेशंटला विचारायचे. फोटो काढून झालेल्या माणसाला बाकावर बसवायचं, चहा पाजायचा आणि म्हणायचं, "पोरगा कसा वाटला?" तो बोलेल ते वहीत जसंच्या तसं! माझ्या पानावर निघोज्याच्या एका आजीबाईंचा शेरा होता, "प्वार गुणाचं हाय, पर हात लई गार. पाठीला लावलं अन् जीव खालवर झाला." तेव्हापासून मला हात चोळल्याशिवाय खोलीत प्रवेश नव्हता.

आणि एके दिवशी पुण्याहून वर्ग तपासायला साहेब आले. त्यांना हवे होते टक्के. मास्तरांनी वही पुढे केली. साहेबांनी आजीबाईंचा शेरा दोनदा वाचला.

"मास्तर, याचे टक्के किती?"

"म्हातारीच्या बोलण्याचे टक्के कसे काढू, साहेब?"

साहेब भडकले. म्हणाले, माझ्यासमोर परीक्षा घ्या, नाहीतर वर्ग बंद. झालं! मास्तरांनी मलाच पुढे ढकललं आणि पेशंट म्हणून साक्षात साहेबांना उभं केलं. इकडे जवळच्या कारखान्याच्या दवाखान्यात माझी नोकरी ठरली होती. पास झालो की सोमवारी हजर व्हायचं होतं, घरी आईने पेढेसुद्धा सांगून ठेवले होते.

हात चोळले. साहेबांची छाती फिल्मच्या पेटीला नीट टेकवली. "श्वास घ्या, रोखून धरा!" खटका दाबला आणि आनंदाच्या भरात फिल्म घेऊन थेट अंधाऱ्या खोलीत पळालो. "सोडा" म्हणायचं राहिलंच की! साहेब पडले नियमाचे माणूस, हुकमाशिवाय श्वास सोडतात कसले? मास्तर धावले तोवर साहेबांच्या तोंडाचं जांभळं वांगं झालं होतं.

फोटो मात्र देखणा आला. साहेब धापा टाकत म्हणाले, "उत्तम आहे. पास करून टाका."

मास्तरांनी त्यांना बाकावर बसवलं, चहा दिला. "ते राहू द्या. पोरगा कसा वाटला?"

साहेबांनी चहा बशीत ओतून फुंकला. मग हळूच म्हणाले, "भीती वाटली हो."

"मग नापास."

साहेबांना वही पटली. वर्ग वाचला, माझी नोकरी गेली. मास्तरांना मी मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या ते इथे सांगण्यासारखं नाही. पुढचे सहा महिने दर रविवारी ते यंत्र बंद ठेवून स्वतः माझ्यापुढे पेशंट म्हणून उभे राहिले, तरी माझा राग काही उतरला नाही. पास झालो, पाया पडलो तोही तोंड फुगवूनच. चाकणला नोकरी लागली आणि पुन्हा त्यांच्याकडे फिरकलोच नाही.

मास्तर गेल्याचंही मला महिन्याने कळलं. त्यांनी जन्मभर पेशंटना विचारलं, पोरगा कसा वाटला. मास्तर कसे वाटले, हे आम्हा पोरांना कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर सांगितलं असतं मी. फार आवडायचे हो.