माझ्या हातचं साठं

"हिच्या हातची ताटं वेगळी काढ. म्हशीच्या आंबोणात घाल."

बागायतदारांच्या अंगणात, भर दुपारी, त्यांच्या घरच्या मालकीण काकी हे बोलल्या. माझ्याशी नाही. शेवंतीशी. शेवंती माझ्या शेजारच्या घरातली. आम्ही दोघी एकाच दिवशी तिथे कामाला लागलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाच ताटं उचलली. ताटाला तूप लावून मी आंब्याचा रस थरावर थर दिला होता, कावळे हाकत आठ दिवस उन्हात राखला होता. पिवळंजर्द साठं. तिने ते सोलून बादलीत टाकलं. म्हशीने खाल्लं. म्हशीला काही झालं नाही. पुढे महिनाभर मी बघत होते.

तेव्हा माझ्या तोंडावर लाल चट्टे होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालभर. बोटांची पेरं सुजलेली, सकाळी मूठ वळत नसे. केस फणीत झुपक्याने येत. गावाकडे याला एकच शब्द होता. महारोग. माझ्यासमोर तो कोणी उच्चारला नाही. फक्त मी विहिरीवर गेले की सगळ्यांच्या कळश्या एकदम भरलेल्या असत. आईने नारळ दिला, गुरवाने देवळात गाऱ्हाणं घातलं. देवाचं काहीतरी करायचं राहिलं असणार, असं म्हणाले. काय राहिलं ते कोणाला सांगता येईना. मीच काही पाप केलं असेल, असं मलाही वाटायला लागलं. याची आजही चीड येते. त्यांची येते त्यापेक्षा माझी जास्त.

एक गोष्ट मला माझीच कळली होती. ऊन लागलं की चट्टे पेटतात. म्हणून ताटं फेकली त्याच्या आधीच्या आठवड्यात मी बापाची काळी छत्री घेऊन राखणीला बसले होते. काकी ओटीवरून म्हणाल्या, "छत्री मिट गो. आम्ही उन्हात फिरतो आणि तू राणीसारखी बसतेस?" बायका हसल्या. मी छत्री मिटली. दिवसभर तशीच बसले. संध्याकाळी ताप भरला आणि चट्टे कानापर्यंत गेले. ज्या तोंडाला काकी घाबरल्या, ते त्यांच्याच अंगणात तसं झालं होतं.

मुंबईला भाऊ गोदीत होता. तो मला मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. रक्त घेतलं, कातडीचा बारीक तुकडा घेतला. पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. त्यांनी माझी सुजलेली बोटं हातात घेतली, एकेक दाबून पाहिली. वर्षभरात आईशिवाय मला कोणी शिवलं नव्हतं. मी तिथेच रडले.

"याला ल्युपस म्हणतात," त्या म्हणाल्या. "आपल्या अंगात राखणदार असतात. बाहेरचं काही शिरलं की त्याला मारतात. तुझे राखणदार चुकलेत. तुझ्याच अंगाला परकं समजून मारतायत. हे दुसऱ्याला लागत नाही. पूर्ण बरं होईल असं मी सांगत नाही. गोळ्या रोज घ्यायच्या, ऊन टाळायचं."

मी विचारलं, "मी काय केलं होतं?"

"काही नाही."

गावी येऊन मी शेवंतीला हे सगळं सांगितलं. ती आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे उभी होती. "डाक्टरनी असा सांगितलान?" म्हणाली. पण गडगा ओलांडून आली नाही.

पुढच्या हंगामात काकींकडे माणसं कमी पडली. शेवंती परत गडग्याशी आली. "काकींनी बोलावलान तुला. मागच्या पडवीत बसून आंबे सोलायचे. तोंडाला पदर बांधून. मुंबयची पाहुणी येणार, त्यांना दिसायला नको."

पडवीत सावली होती. मला सावलीच हवी होती. गोळ्या संपत आल्या होत्या, नव्या आणायला पैसे हवे होते. दोन दिवस विचार केला. खोटं कशाला बोलू, मी हो म्हणणार होते. आरशासमोर पदर बांधूनही पाहिला. आरशात फक्त डोळे उरले.

तिसऱ्या दिवशी मी अंगणाच्या पुढच्या फाटकातून, बेड्यातून, आत गेले. छत्री उघडी. तोंड उघडं. अंगणात ताटांपाशी बायकांमध्ये जाऊन बसले. शेजारची सरकली.

काकी पायरीवर आल्या. "पदर कुठाय?"

"काकी, हा रोग कोणाला लागत नाही. त्याचं नाव ल्युपस. मी काम करीन. छत्रीखाली बसून, सगळ्यांच्यात बसून. लपून नाही करणार."

"मग नको करूस."

"नाही करत."

मी उठले. बायका ताटांकडे बघत राहिल्या. शेवंतीसुद्धा. बेड्यापर्यंत चालताना वाटत होतं, कोणीतरी हाक मारील. कोणी मारली नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात मी दोनच ताटं घातली. गावात कोणी घेतलं नाही. आईने आणि मी खाल्लं. शेवंती अजून आलेली नाही. एकटं वाटतं, फार वाटतं. पण पदर पुन्हा बांधला नाही.

ऊन मी टाळते. माणसं टाळणार नाही. विहिरीवर आता मुद्दाम गर्दीच्या वेळी जाते. कळश्या भराभर उचलल्या जातात. जाऊ देत. मी आजाराचं नाव मोठ्याने सांगते. कोणी विचारलं तर सांगते. नाही विचारलं तरी सांगणार.