पळसामागची नदी

रूपराव देवळीच्या शाळेत चित्रकला शिकवत. सुट्टीच्या दिवशी सायकलला फळी आणि रंगांची पेटी बांधून ते गावाबाहेरच्या बरडावर जात. बरड म्हणजे नुसता मुरमाड उंचवटा. तिथं एक वाकडा पळस होता. रूपराव तोच काढत. कधी पानं झडलेला, कधी फुललेला, कधी पावसाळी आभाळाखाली.

त्यांची बायको अन्नपूर्णा वैतागायची. "त्या झाडापायी उन्हात करपता. काय हाय तिथं एवढं?"

"एकदा चाल ना संगं."

"मले धुणं हाय."

ती कधीच गेली नाही.

निवृत्तीनंतर काचबिंदूनं रूपरावांची नजर हळूहळू गेली. उजेड-अंधार तेवढा उरला. ते ओसरीत बसून राहत. फाल्गुन लागला की विचारत, "पळस फुलला असन काय वं?"

"असन," म्हणून अन्नपूर्णा कामाला लागायची. पण एकदा तिनं पाहिलं, विचारता विचारता त्यांचं बोट मांडीवर फिरत होतं. आधी खोडाचं वळण, मग फांदी. ते झाड काढत होते. दुसऱ्याच दिवशी तिनं शेजारच्या बंडूजींची ऑटो बोलावली.

बरडावर उतरताच रूपरावांनी तोंड बरोबर उजवीकडे वळवलं. "आता सांग. कसा दिसते?"

अन्नपूर्णानं पाहिलं. मुरूम खणून नेलेला, आणि मधे पळसाचं नुसतं बुड. 'फुलला हाय' एवढं म्हटलं असतं तरी त्यांना पुरलं असतं. शब्द ओठावर आलाही. पण इतकी वर्षं आले नाही, आणि आता येऊन खोटं सांगायचं?

"अवो, झाड नाई. तोडलं कोणीतरी."

रूपराव तसेच उभे राहिले. मग चाचपत खाली बसले. तीही शेजारी बसली. ते म्हणाले, "मंग काय दिसून राह्यलं?"

तिला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. ती बघत बघत बोलू लागली. "खाली गहू हाय. पिकत आला. पोळीले तूप लावल्यावर दिसते ना, तसा. त्याच्या पल्याड पऱ्हाट्या, कापूस वेचून वाळलेल्या. अन् मंग नदी."

"इथून नदी नाई दिसत."

"दिसते नं! थोडीशीच. पण चमकून राह्यली."

"झाडाआड असन," रूपराव म्हणाले. "मी त्याच्या मागं कधी पाह्यलंच नाई."

घरी आल्यावर तिनं माळ्यावरून पेटी काढली. रंगांच्या निम्म्या ट्यूबा वाळल्या होत्या. ती रंग कालवून देई, कागदाची कडा त्यांच्या बोटाला दाखवी, आणि ते काढत. गहू झाला, पऱ्हाट्या झाल्या. नदीपाशी त्यांचा हात थांबला. बाकीचं सगळं आठवणीतून त्यांच्या डोळ्यांपुढं येत होतं, इथून दिसणारी नदी तेवढी येत नव्हती.

"मले एकदा पाहाची होती," ते म्हणाले.

अन्नपूर्णानं त्यांचं मनगट धरलं आणि ब्रश सोबत ओढला. रेघ गव्हात घुसली. "बिघडलं," ती म्हणाली.

"राहू दे."

आता दर आठवड्याला ती त्यांना तिकडे नेते. चैत्रात नदीचं पाणी आटलं, तेही तिनं सांगितलं.

"आखाडानंतर भरन," रूपराव म्हणाले, आणि नदी दिसते त्या बाजूला तोंड करून बसून राहिले.